मधुमेह आणि पोटाच्या तक्रारी

मधुमेहाची गोष्ट घरात निघाली की ती साखरेच्या डब्यापासून सुरू होते आणि बहुधा तेथेच संपते. चहा बिनसाखरेचा केला, सणावारी पानातली पुरणपोळी परत फिरवली, सकाळी नेमाने एक गोळी घेतली, म्हणजे रोग्याचे कर्तव्य पुरे झाले असा समज सर्वत्र दृढ आहे. डोळे, मूत्रपिंडे आणि पाय यांना या रोगापासून धोका असतो, एवढे आता बहुतेकांच्या कानांवर गेलेले आहे. परंतु ज्या मार्गाने अन्न शरीरात जाते त्या मार्गालाच, म्हणजे अन्ननलिकेपासून गुदद्वारापर्यंतच्या साऱ्या पचनसंस्थेला, मधुमेह ग्रासू शकतो, ही गोष्ट फारशी कोणी सांगत नाही आणि रोगीही ती विचारीत नाही. पोटाची तक्रार ही डॉक्टरांकडे नेण्याजोगी गोष्ट आहे असे आपल्याकडे मानलेच जात नाही. ती ओवा, हिंग, लिंबू आणि खाण्याचा सोडा यांच्या स्वाधीन केली जाते, आणि तेवढ्याने भागले नाही तर औषधांच्या दुकानातून आम्लपित्ताची गोळी येते.

देवास जिल्ह्याच्या दक्षिण भागात, नर्मदेच्या बाजूस, लोहारदा नावाचे लहानसे गाव आहे. मुलूख माळव्याकडचा, खाणे गव्हाचे. न्याहारीला पोहे, त्यांवर शेव आणि शेजारी जिलबी. पाहुणा आला की तुपात बुडवलेले दाल-बाफले आणि शेवटी चुरम्याचा लाडू. देवास व धार ही पवारांची संस्थाने असल्यामुळे या मुलखात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली, आणि त्यांच्या स्वयंपाकघरांत वरणभाताच्या शेजारी बाफल्याने केव्हा पाट मांडला हे आता कोणालाही सांगता येणार नाही. अशा गावातील अशाच एखाद्या घरातले आजोबा श्रोत्यांनी डोळ्यांपुढे आणावेत. वय पासष्टच्या घरात, मधुमेह अठरा-वीस वर्षांचा, दिवसातून दोन वेळा इन्सुलिनची टोचणी. गेल्या वर्षापासून दुसरी पोळी संपण्याआधीच त्यांचे पोट भरते. मळमळते. रात्री करपट ढेकर येतात, आणि कधी पहाटे उलटी होते तेव्हा आदल्या दुपारचे मटार जसेच्या तसे बाहेर पडतात. दुपारी जेवून उठल्यावर तासाभरात त्यांना दरदरून घाम सुटतो, हात कापू लागतात. घरातल्या यंत्रावर रक्तातील शर्करा ५५ दिसते. सायंकाळी सहा वाजता तीच ३०० असते. घरच्यांचा निष्कर्ष ठरलेला असतो: आजोबा चोरून काहीतरी खातात. सूनबाई डब्यांना कुलूप लावतात, मुलगा रागावतो, आणि आजोबा शपथेवर सांगतात की त्यांनी दुपारनंतर पाण्याखेरीज काहीही घेतलेले नाही.

आजोबा खरे बोलत असतात. हे घर कल्पनेतले असले तरी त्यातील प्रत्येक लक्षण वैद्यकाच्या ग्रंथांत नोंदलेले आहे, आणि त्या सर्वांचा उलगडा एकाच गोष्टीने होतो: अन्न जठरातून वेळेवर पुढे सरकत नाही.

जठर ही केवळ एक पिशवी नव्हे. निरोगी माणसाच्या जठरात मिनिटाला सुमारे तीन लाटा उठतात. त्या लाटा अन्न घुसळतात, त्याचे एक-दोन मिलिमीटर आकाराचे कण करतात आणि तेवढे बारीक झालेले अन्नच खालच्या दाराने लहान आतड्यात सोडतात. पाणी, ताक, सार यांसारखे पातळ पदार्थ लवकर उतरतात. पोळी-भाजीसारख्या घन अन्नाला वेळ लागतो. तरीही चार तासांनी जेवणाचा फार तर दहावा हिस्सा जठरात उरावा, असे मोजमाप आहे. या लाटांचा ताल जठराच्या भिंतीतील काही विशिष्ट पेशी धरतात, आणि मेंदूकडून पोटाकडे येणारा ‘व्हेगस’ नावाचा मोठा मज्जातंतू त्यांवर देखरेख करतो. रक्तातील शर्करा वर्षानुवर्षे वाढलेली राहिली म्हणजे पायांच्या मज्जातंतूंप्रमाणे हा तंतूही दुखावतो, आणि ताल धरणाऱ्या त्या पेशी विरळ होतात. मग अन्न जठरात पडून राहते. इंजेक्शन मात्र आपल्या वेळेवर काम करते. दुपारी एक वाजता टोचलेले इन्सुलिन रक्तात शर्करा शोधीत असते तेव्हा पोळी अद्याप जठरातच असते, म्हणून शर्करा ५५ वर येते. आणि इन्सुलिनचा भर ओसरल्यावर सायंकाळी पोळी आतड्यात उतरते, म्हणून ती ३०० वर जाते. कुलूप लावलेल्या डब्यांचा यात काहीच संबंध नसतो.

जठराच्या या शैथिल्यास ‘गॅस्ट्रोपॅरेसिस’ म्हणतात. मधुमेहातील या विकाराला हे नाव पॉल कॅसँडर या अमेरिकन डॉक्टरांनी १९५८ साली दिले. त्यांनी त्याच वेळी एक मार्मिक गोष्ट नोंदली होती: पुष्कळ रोग्यांना पोटात काहीच त्रास जाणवत नाही, आणि केवळ शर्करेच्या लहरीपणावरूनच या विकाराची शंका घ्यावी लागते. ही गोष्ट आज साठ वर्षांनंतरही तितकीच खरी आहे. औषध तेच, आहार तोच, आणि तरीही शर्करा कधी पाताळात तर कधी आकाशात जात असेल, तर रोग्याच्या प्रामाणिकपणावर संशय घेण्याआधी त्याच्या जठरावर संशय घ्यावा.

उलट दिशेचीही एक गोष्ट आहे आणि ती आशादायक आहे. रक्तातील शर्करा खूप वाढलेली असली की तेवढ्यानेच निरोगी जठरदेखील मंदावते. म्हणजे शैथिल्याचा काही भाग कायमचा नसतो. शर्करा आटोक्यात आली की तो भाग ओसरतो. तसेच काही औषधेही जठर मंद करतात. माळव्यातील नीमच, मंदसौर आणि रतलाम हे जिल्हे अफूच्या परवानाधारक शेतीसाठी प्रसिद्ध आहेत, आणि अफू पोट बांधते हे तेथल्या म्हाताऱ्यांना कोणी शिकवावे लागत नाही. परंतु खोकल्याच्या औषधातील कोडीन आणि गुडघेदुखीवरची ट्रॅमाडॉलची गोळी ही अफूच्याच कुळीची आहे, हे मात्र त्यांना कोणी सांगितलेले नसते. पोटात कळ आली म्हणून घेतली जाणारी डायसायक्लोमिनसारखी गोळीही जठराची हालचाल कमीच करते. वजन आणि शर्करा उतरवण्यासाठी अलीकडे गाजत असलेले सेमाग्लुटाइड भारतात २०२२ पासून गोळीच्या आणि २०२५ पासून आठवड्याच्या टोचणीच्या रूपाने मिळू लागले. त्याच्या कामाचा एक भागच जठर मंद करण्याचा आहे. ज्याचे जठर आधीच मंद आहे त्याने ते शेजाऱ्याच्या सांगण्यावरून सुरू करू नये, आणि ते घेणाऱ्याने कोणत्याही शस्त्रक्रियेपूर्वी भूल देणाऱ्या डॉक्टरांना तसे अवश्य सांगावे.

निदान अटकळीने करावयाचे नसते. अन्न अडण्याचे कारण जखम, व्रण किंवा कर्करोगाची गाठही असू शकते, म्हणून प्रथम दुर्बिणीने जठराची आतून तपासणी करतात. वाट मोकळी आहे असे दिसले की मग जठर किती वेगाने रिकामे होते ते मोजतात. रोग्यास अत्यल्प किरणोत्सर्गी द्रव्य मिसळलेले अन्न खावयास देऊन चार तासांपर्यंत त्याची चित्रे घेतात. पाश्चात्त्य देशांत त्यासाठी अंडे वापरतात. आपल्याकडे शाकाहारी रोग्यांसाठी काही रुग्णालयांनी इडली पसंत केली आहे. लोहारद्यासारख्या गावी ही सोय असणार नाही, तिच्यासाठी इंदूरसारखे मोठे शहर गाठावे लागते. पण शंका घेणे ही गोष्ट मात्र गावातच होऊ शकते, आणि खरी उणीव तिचीच असते.

आता आहाराविषयी. येथे रोग्याचा फार गोंधळ उडतो, कारण त्याला इतकी वर्षे जे सांगितले गेले त्याच्या नेमके उलट आता सांगितले जाते. मधुमेह्याने कोंडा न काढलेले पीठ, कच्च्या कोशिंबिरी, सालासकट डाळी आणि भरपूर चोथा खावा, हा सर्वसामान्य सल्ला योग्यच आहे. तथापि जठर शिथिल झाले म्हणजे हाच चोथा त्यास जड जातो. कच्ची गाजरे, मक्याची कणसे, संत्र्याच्या फोडींवरचे तंतू, खोबरे हे पदार्थ जठरात साठून क्वचित त्यांचा गोळाच बनतो. अशा रोग्यास मऊ, शिजवलेले, घोटलेले अन्न मानवते: मुगाच्या डाळीचे वरण, मऊ खिचडी, दुधी किंवा लाल भोपळ्याची साल काढून शिजवलेली भाजी, गाळलेले सार, ताक. तूप-तेलाने जठर आणखी मंदावते, म्हणून बाफल्यावरची तुपाची धार येथे दुहेरी अपाय करते. दोन मोठ्या जेवणांऐवजी पाच-सहा लहान जेवणे घ्यावीत, प्रत्येक घास चावून बारीक करावा, आणि जेवल्यावर निदान दोन तास आडवे होऊ नये. थोडे चालता आले तर उत्तमच. सकाळी घन अन्न जाते आणि सायंकाळी जात नाही असा पुष्कळांचा अनुभव असतो. त्यांनी सायंकाळचे जेवण पातळ ठेवावे. मऊ भाताने शर्करा वाढेल ही भीती खरी आहे, परंतु तिचा मेळ इन्सुलिनची मात्रा आणि वेळ बदलून घालावयाचा असतो. काही रोग्यांस डॉक्टर टोचणी जेवणानंतर घ्यावयास सांगतात. हा बदल रोग्याने स्वतःच्या मनाने करू नये.

जठराला चालना देणारी औषधे आहेत; मेटोक्लोप्रामाइड आणि डॉम्पेरिडोन ही त्यांपैकी नेहमीच्या वापरातली. दुकानदाराकडून ती सहज मिळतात हीच त्यांची अडचण आहे. पहिले औषध महिनोन्‌महिने घेतल्यास ओठ, जीभ व हातपाय यांच्या अनैच्छिक हालचाली जडू शकतात, आणि त्या औषध थांबवल्यावरही कायम राहू शकतात. दुसऱ्याने काही जणांच्या हृदयाची लय बिघडते. उपाय म्हणून ती चांगली आहेत. सवय म्हणून नव्हेत.

जठराच्या खाली आतड्यांचा प्रांत लागतो. मधुमेह्यांच्या पोटाच्या तक्रारींमध्ये मलावरोध अत्यंत सामान्य आहे. त्यावर घरोघरी इसबगोल घेतला जातो, आणि नीमचची बाजारपेठ तर इसबगोलासाठी देशभर ओळखली जाते. ज्याचे जठर ठीक आहे त्यास तो भरपूर पाण्याबरोबर गुणकारी आहे. परंतु जठर शिथिल असलेल्या माणसास तोच इसबगोल फुगून पोटात ओझे होतो. एकाच घरातील दोन मधुमेह्यांना एकच औषध लागू पडेल असे म्हणूनच समजू नये. मलावरोध नवीनच सुरू झाला असेल, मलातून रक्त जात असेल किंवा वजन उतरत असेल, तर सारा दोष मधुमेहावर टाकून स्वस्थ बसणे धोक्याचे आहे.

अतिसाराची कथा अधिक करुण आहे, कारण ती लाजेपोटी सांगितली जात नाही. मधुमेहामुळे होणारे जुलाब पाण्यासारखे, न दुखता होणारे आणि बहुधा रात्रीचे असतात. काहींना झोपेत कळतही नाही. रोगी लग्नकार्याला जाणे सोडतो, बसचा प्रवास टाळतो आणि कारण मात्र कोणालाही सांगत नाही. ते त्याने डॉक्टरांना सांगावे, कारण त्यामागची पुष्कळशी कारणे दूर करता येतात. मेटफॉर्मिन हे मधुमेहाचे सर्वांत रूढ औषध स्वतःच जुलाब करू शकते. मात्रा कमी केली, जेवणाबरोबर घेतले किंवा हळू विरघळणारी गोळी घेतली म्हणजे बहुधा भागते. ‘मधुमेह्यांसाठी खास’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मिठायांतील सॉर्बिटॉलनेही पोट ढिले होते. मंद झालेल्या आतड्यात जंतूंची बेसुमार वाढ झाली असेल तर ती औषधाने कमी होते. आणि गव्हाच्या या प्रदेशात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. लहानपणापासून इन्सुलिनवर असलेल्या, म्हणजे पहिल्या प्रकारच्या मधुमेहाच्या मुलांमध्ये ‘सीलिॲक’ हा विकार इतरांहून अधिक आढळतो. त्यात गव्हातील ग्लुटेन या द्रव्यामुळे आतड्याचे अस्तर झिजते. असे मूल वारंवार हगवणीने आजारी पडते, त्याची वाढ खुंटते, त्याला रक्त चढत नाही. साधी रक्ततपासणी त्याची शंका पक्की करू शकते. आणि निदान ठरले तर त्या मुलाची पोळी जन्मभरासाठी बंद होऊन तिच्या जागी ज्वारी, मका आणि तांदूळ येतात. माळव्यातील आईला हे पचवणे कठीण जाते, आणि त्यात तिचा दोष नाही.

येथवर जे सांगितले ते हळूहळू होणाऱ्या आजारांविषयी. परंतु मधुमेह्याच्या पोटाच्या काही तक्रारी अशा असतात की त्यांचे मूळ पोटात नसतेच, आणि तेथे एका रात्रीचा उशीरही प्राणावर बेततो.

पहिली गोष्ट उलट्यांची. इन्सुलिन कमी पडले म्हणजे शरीर चरबी जाळू लागते आणि रक्तात कीटोन नावाची आम्ले साचतात. त्या वेळी उलट्या होतात, पोटात, विशेषतः मुलांच्या, तीव्र दुखते, खूप तहान लागते, श्वास खोल व जलद चालतो, आणि श्वासास पिकून गेलेल्या फळासारखा वास येतो. घरात म्हणतात, अपचन झाले. त्याहून घातक म्हणजे, ‘काही खातच नाही, तर इन्सुलिन कशाला?’ असा विचार करून टोचणी बंद करतात. आजारपणात शरीराची इन्सुलिनची गरज बहुधा वाढते. पहिल्या प्रकारच्या मधुमेह्याने तर आपले मूळ इन्सुलिन केव्हाही पूर्णपणे थांबवू नये. दर तीन-चार तासांनी शर्करा पाहावी, घोट घोट पाणी घ्यावे आणि पाणीही पोटात ठरत नसेल तर तडक रुग्णालय गाठावे. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या घेणाऱ्यांनी विशेष सावध असावे, कारण त्यांच्या रक्तात शर्करा फारशी वाढलेली नसतानाही ही आम्लता होऊ शकते. यंत्रावर १८० दिसले म्हणून निर्धास्त राहता येत नाही.

दुसरी गोष्ट हृदयाची. ज्या रोगाने जठराच्या मज्जातंतू बधिर होतात, त्यानेच हृदयाच्याही होतात. म्हणून मधुमेह्यास हृदयविकाराचा झटका येतो तेव्हा छातीत कळ उठेलच असे नाही. बेंबीच्या वरच्या भागात जड वाटणे, मळमळ, अकारण घाम, चार पावले चालून दम लागणे, एवढेच दिसते. रात्री अकरा वाजता अशा माणसास सोडा पाजून निजवणे म्हणजे काळाच्या हवाली करणे होय. मध्य प्रदेशात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावता येते, आणि हृदयाचा आलेख काढावयास काही मिनिटे पुरतात.

तिसरी गोष्ट शर्करा उतरण्याची. ती ७० च्या खाली गेली, घाम, कंप, भ्रम ही लक्षणे दिसली, की तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे. येथे दोन पोटभेद आहेत. जठर शिथिल असलेल्यास बिस्कीट किंवा पेढा देऊ नये, कारण तो वेळेवर खाली उतरणार नाही; पातळच द्यावे. आणि जो रोगी व्होग्लिबोज किंवा अकार्बोज ही गोळी घेतो त्याच्या आतड्यात साखरेचे विघटनच मंद झालेले असते, म्हणून त्याच्या घरी ग्लुकोजची भुकटी असलीच पाहिजे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काहीही ओतू नये.

उपवासांचा प्रश्नही याच्याशी निगडित आहे. एकादशी असो, रमजानचा रोजा असो वा ख्रिस्ती लोकांचा लेंटचा काळ असो, उपवास सोडा असे डॉक्टरांनी सरसकट सांगितले की रोगी डॉक्टरच सोडतो. त्यापेक्षा उपवासापूर्वी औषधांच्या वेळा बदलून घेणे शहाणपणाचे. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेऊन पोट रिकामे ठेवणे धोक्याचे असते. आणि साबुदाण्याची खिचडी हा उपवास आहे असे शर्करा मोजणारे यंत्र मानीत नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट होय.

पायांविषयी थोडे बोलणे प्राप्त आहे, कारण लोहारद्याच्या जिल्ह्यातच नर्मदाकाठी नेमावर आहे आणि तेथून परिक्रमावासी जातात. पुष्कळजण ती वाट अनवाणी चालतात. ज्याच्या तळव्याची संवेदना गेली आहे त्यास वैशाखातला तापलेला दगड भाजल्याचे कळत नाही. फोड दिसतो तो सायंकाळी, आणि कधी तो चिघळून बोट गमवावे लागते. अशा यात्रेकरूने पादत्राण घालावे आणि रात्री दुसऱ्या कोणाकडून तळवे पाहून घ्यावेत. पायांना मुंग्या येतात त्या साऱ्या मधुमेहाच्याच असतात असेही नाही. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्याने शरीरातील बी-बारा जीवनसत्त्व घटते, आणि शाकाहारी माणसात ते मुळातच कमी असते. ते मोजून घेतले आणि कमी असल्यास भरून काढले तर काहींच्या मुंग्या उतरतात.

डोळ्यांच्या पडद्याची तपासणी वर्षातून एकदा, लघवीतील अल्ब्युमिन वर्षातून एकदा, तीन महिन्यांच्या सरासरीची ‘एचबीएवनसी’ चाचणी तीन ते सहा महिन्यांनी. हे वेळापत्रक सर्वांना ठाऊक असते आणि थोडेच पाळतात. खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला तर थुंकी तपासावी, कारण मधुमेह्यास क्षयाचा धोका दुप्पट-तिप्पट असतो. देवासची कोरडी हवा क्षयरोग्यांना मानवते अशी एके काळी ख्याती होती. पंडित कुमार गंधर्व १९४८ मध्ये त्याच आजारामुळे तेथे येऊन राहिले आणि पुढे ते गावच त्यांचे झाले. आज क्षयावर खात्रीची औषधे आहेत, परंतु अनियंत्रित शर्करा त्या औषधांचेही बळ कमी करते.

हा रोग आपल्याकडे नवा नाही. मधासारखी गोड लघवी आणि तिच्याकडे जाणाऱ्या मुंग्या यांची नोंद आपल्या प्राचीन वैद्यांनी केली होती. नवे आहे ते त्याचे प्रमाण. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीचे जे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले, त्यांनुसार देशातील १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३.६ कोटी त्याच्या उंबरठ्यावर आहेत. गोव्यात तर प्रौढांमधील प्रमाण २६.४ टक्के आढळले. ‘अंगाने बारीक आहे, त्याला कसला मधुमेह?’ हा प्रश्न पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी कायमचा निकालात काढला आहे. २००४ साली त्यांनी आणि जॉन युडकिन या इंग्रज सहकाऱ्याने स्वतःचीच मापे प्रसिद्ध केली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे. परंतु याज्ञिकांच्या शरीरात चरबी २१.२ टक्के होती आणि युडकिन यांच्या ९.१ टक्के. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून चाललेल्या त्यांच्या पाहणीत, सरासरी २.७ किलो वजनाची सडपातळ नवजात बालकेही चरबी मात्र राखून असतात असे दिसून आले. ही दडलेली चरबी यकृतातही साठते. सोनोग्राफीच्या कागदावर ‘यकृतात चरबी’ असे लिहिलेले असते, आणि दारू न पिणारा माणूस तो कागद घडी घालून कपाटात ठेवून देतो. त्यातूनही पुढे यकृत कठीण होऊ शकते, म्हणून तो कागद मधुमेहाच्या कागदांबरोबरच ठेवावा.

तीस वर्षांवरील कोणालाही आयुष्मान आरोग्य मंदिरात रक्तशर्करा तपासून घेता येते. पुढच्या तपासण्यांसाठी देवासचे जिल्हा रुग्णालय आणि इंदूरचे महाराजा यशवंतराव रुग्णालय आहे. तेथे जाताना रोग्याने एक साधी वही न्यावी. किती वाजता काय खाल्ले, टोचणी केव्हा घेतली, त्यानंतर दोन आणि पाच तासांनी शर्करा किती होती, उलटी केव्हा झाली आणि तिच्यात केव्हाचे अन्न दिसले, रात्री किती वेळा उठावे लागले, एवढे आठ-दहा दिवस लिहिलेले असले म्हणजे गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात मिळणाऱ्या पाच मिनिटांतही डॉक्टरांना पुष्कळ काही उमगते. आयुर्वेदिक चूर्ण, वेदनाशामक गोळी, जे जे काही चालू असेल तेही तीत लिहावे. वही सूनबाईंनी लिहिली तर अधिक बरे. आजोबांविषयीचा त्यांचा संशय त्या पानांवरच फिटून जाईल.

आणि उन्हाळ्याविषयी एक सूचना. ज्या घरी शीतपेटी नाही, किंवा वीज दिवसातून तीनदा जाते, तेथे इन्सुलिनची कुपी मातीच्या माठाने थंड ठेवता येते. मोठ्या माठात थोडे पाणी, त्यात लहान कोरडे मडके, मडक्यात कुपी, वर ओले फडके, आणि सारे सावलीत. कुपीस पाण्याचा स्पर्श होऊ देऊ नये. बर्फात ठेवून गोठलेले इन्सुलिन निकामी होते. ते पुन्हा वितळले तरी वापरू नये, फेकून द्यावे.